तुरेवाल्या डायनोसॉरची हाक

तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यापायी बाबांची जीभ गेली. डॉक्टरांनी ती काढली म्हणून जीव राहिला. सेलूच्या बाजारात आमचं भाजीचं दुकान. त्याला पाटी कधी लागली नाही, बाबांची हाकच पुरायची. "सांभाऽऽर!" कोथिंबिरीची ती हाक पार दुसऱ्या रांगेपर्यंत जायची.

ऑपरेशननंतर घशातून आवाज निघे, पण शब्द उमटत नसत. तो ऐकून एक गिऱ्हाईक दचकलं आणि बाबांनी तोंड मिटलं ते मिटलंच. घरीसुद्धा. मग मी छोटा भोंगा आणून त्यात माझी हाक भरली. तो दिवसभर कोकलायचा आणि बाबा त्याच्याकडे पाठ करून जुड्या बांधायचे. मला चीड यायची. अरे, जीव वाचला ना, मग हे मौन कशासाठी?

एका संध्याकाळी आम्ही अंगणात पालक बांधत होतो. माझी मुलगी शेजारी बसून पुस्तकातला तुरेवाला डायनोसॉर सांगत होती. बिचारा पालाखाऊ, अंगावर एक शिंगही नाही. चरताना चार पायांवर, पळताना दोन पायांवर. राहायचा कळपानं. डोक्यावरचा तुरा आतून पोकळ. श्वास त्या नळ्यांतून फिरून घुमत असावा, असं शास्त्रज्ञ म्हणतात. पिलांचा तुरा लहान, म्हणून आवाज बारीक, मोठ्यांचा खोल.

"काय बोलत असन तो?" मी विचारलं.

"बोलाले कुठं येत होतं त्याले? नुसता आवाज काढे. तेवढ्यावरच कळपाले समजत असन, हा आपला हाय."

बाबांचा सुतळी गुंडाळणारा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

पुढच्या बाजारी त्यांनी भोंगा बंद केला, उभे राहिले आणि हाक दिली. जाड, ओला, शब्दांवाचूनचा आवाज. पण चढ तोच, शेवटी लांबवणं तेच. समोरची दोन पोरं मागे सरकली. आता हे पुन्हा कधीच तोंड उघडणार नाहीत, असं वाटलं.

पलीकडच्या रांगेत एक म्हातारी कांदे निवडत होती. बाबांचं जुनं गिऱ्हाईक. तिनं मान वर न करताच ओरडून सांगितलं, "आली गा भाऊ! माहा सांभार ठेवजो!"

बाबांनी एक जुडी उचलली, पाणी शिंपडलं आणि बाजूला ठेवली.