बर्ग्याची पिशवी

ती दशमीची संध्याकाळ आठवली की माझं डोकं अजून तापतं. कोलकात्यात डमडमकडच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रमुख होतो. फोन मीच उचलला. नाव न सांगता एक माणूस बंगालीत म्हणाला, "आमच्या इमारतीच्या दुर्गापूजेतला देवीचा हार पेटीतून गेलाय. तिसऱ्या मजल्यावरचा बर्गी आत्ताच पिशवी भरून घरी आला."

हा 'बर्गी' म्हणजे पुण्याहून बदलून आलेले एक बँक अधिकारी. मी कोलकात्यातच जन्मलेला मराठी माणूस, हा शब्द शाळेपासून ऐकत आलो. आपल्या मराठा फौजेत ज्याला स्वतःचा घोडा नसे, जो सरकारी घोड्यावर बसे, तो बारगीर. त्याचा इथे बर्गी झाला. अठराव्या शतकात या बर्ग्यांनी बंगालात लुटालूट केली हे खरंच आहे. इथल्या आया अजून त्यांची भीती घालून पोरं झोपवतात. पण त्याचा जाब बँकेतल्या माणसाला विचारायचा?

आम्ही पोचलो तेव्हा जिन्यात गर्दी होती. पिशवी कोणीतरी उलटी केली होती आणि पायऱ्यांवर कांचनाची पानं तुडवली जात होती. आपटा मिळाला नाही म्हणून गृहस्थ वस्तीबाहेर जाऊन ही पानं घेऊन आले होते. दसऱ्याचं सोनं शेजाऱ्यांना वाटायचं होतं. त्यांची बायको ओवाळायचं ताम्हण धरून दारात उभी होती. तरी इमारतीच्या पूजा मंडळाचा खजिनदार ओरडतच होता, "घर झाडा याचं!"

"हार गेल्याचं कोणी पाहिलं?" मी मंडळाला विचारलं. ते मला पेटीपाशी घेऊन गेले. हार सकाळीच उतरवून पेटीत कुलूपबंद केला होता. तोवर सगळे नुसत्या आवईवर जमले होते; माझ्यासमोर पेटी उघडली तेव्हा कुठे चोरी खरी ठरली. मग फोन करणाऱ्याला आधीच कशी कळली? किल्ली एकट्या खजिनदाराकडे होती.

फोन मंडपामागच्या पानवाल्याच्या मोबाइलवरून आला होता. पानवाल्याने खजिनदाराला ओळखलं. चौकशीत खजिनदार फार टिकला नाही, हार त्याच्या स्वतःच्या दुकानात सापडला.

"त्यांचंच नाव का घेतलंस?" मी त्याला विचारलं.

"सार, बर्गी म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही."

माझे हात शिवशिवले. दुसऱ्याच्या घोड्यावर बसून लुटायला निघालेला तो होता, आणि शिवी खाल्ली एका भल्या माणसाने! नोकरीत एवढं शिकलो की चोर आधी लोकांच्या मनातला तयार गुन्हेगार शोधतो. त्या इमारतीतल्या एकानेही त्या घराची माफी मागितली नाही.

पुढच्या दसऱ्याला ते गृहस्थ सोनं द्यायला माझ्या घरी आले. पानं पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत होती. मी पिशवीकडे पाहत राहिलो.

"बाहेरून दिसलेलं बरं, साहेब," ते म्हणाले.