वडिलांच्या नावाचा रकाना

माझी जर्मनीतली, डार्मश्टाटमधली पहिली नोकरी दोन महिने उशिरा सुरू झाली. विद्यापीठाच्या पर्सोनालआब्टाइलुंगला, म्हणजे नेमणुकांचे कागद बघणाऱ्या कचेरीला, मी दोन बायका आहे असं वाटत होतं. पुण्याच्या पदवीवर माझं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. तिथल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि अगदी शांतपणे विचारलं, "यातल्या तुम्ही कोणत्या?" मी जाम भडकले. मग लग्नाचा दाखला, त्याचं अधिकृत भाषांतर, त्या भाषांतरावर शिक्का, असं सगळं होऊन मी एकदाची एकच बाई ठरले. हा राग मी पुढे कितीतरी दिवस जपून ठेवला होता. आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझ्याच हातून काय झालं ते वाचून तुम्ही मला हसणार आहात.

नोकरी सहा महिन्यांची होती. इतिहास विभागातल्या एका प्राध्यापिकाबाईंचा प्रकल्प होता. स्वतंत्र झाल्यावरच्या पहिल्या काही दशकांत अमेरिकेतल्या राज्यांच्या विधानसभांवर कोण निवडून आलं आणि ते कोणत्या पक्षाचे होते, याची यादी करायची. ऐकायला सोपं वाटतं. पण पक्ष तेव्हा नुकते कुठे आकार घेत होते. एका बाजूला बळकट केंद्र सरकार हवं म्हणणारे, दुसऱ्या बाजूला राज्यांच्या हक्कांसाठी भांडणारे, आणि मधे दोन्हीकडे नमस्कार करणारे. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नाही, चिन्ह नाही. कित्येक गावांत मतदार घरूनच चिठ्ठीवर उमेदवाराचं नाव लिहून आणायचे. कोण कुणाचा हे वर्तमानपत्रं सांगायची, आणि दोन वर्तमानपत्रं दोन वेगळ्या गोष्टी सांगायची. बऱ्याच ठिकाणी निवडणूक दरवर्षी. त्या जुन्या अंकांची स्कॅन केलेली पानं वाचून नाव, गाव, वर्ष आणि पक्ष असे चार रकाने भरायचे, एवढं माझं काम.

सहा महिन्यांनंतर दोन वर्षांचा फेरट्राग, म्हणजे करार, मिळण्याची शक्यता होती. तो मला किती हवा होता हे लिहायला आजही लाज वाटते. त्याआधीची चार वर्षं मी नवऱ्याच्या व्हिसाला चिकटलेली बायको होते. तो मेकॅनिकल इंजिनियर, एका औषध कंपनीच्या प्लांटमध्ये. माझा प्रबंध कपाटात, ब्लँकेटांच्या खाली. मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी "आणि तुम्ही काय करता?" असं विचारलं, की मी चांगली कोथिंबीर कुठे मिळते हा विषय काढायचे. आता दारावरच्या पाटीवर माझं नाव होतं आणि आत माझं टेबल होतं. अर्धं टेबल, खरं तर. उरलेल्या अर्ध्यावर प्रिंटर होता.

कामात माझा हात लगेच बसला. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला पक्षांतर शिकवावं लागत नाही. एका गावात पिठाच्या गिरणीचा मालक सापडला. चार वर्षं ओळीने केंद्रवाल्यांकडून निवडून आला, मग एक वर्ष गायब, आणि परत आला तो थेट समोरच्या पक्षाकडून. मी टेबलावर थाप मारली. हा तर आमच्याकडचाच! माझ्या वहीत अशा माणसांपुढे मी 'को' लिहायचे, कोलांटउडीचा 'को'. बघता बघता वही 'को'ने भरली. विद्यापीठाच्या मेन्सात, म्हणजे खानावळीत, जेवताना मी बाईंना म्हटलं, आमच्याकडे माणूस झोपतो एका पक्षात आणि उठतो दुसऱ्यात, हे लोकही तसेच होते. बाईंनी काटा खाली ठेवला. "गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या, "हे आमच्यापैकी कुणाला दिसलंच नव्हतं." ऑक्टोबरातल्या एका सोमवारी त्यांचं व्याख्यान होतं. त्याची सुरुवात माझ्या गिरणीवाल्यापासून करायची असं ठरलं. प्रकल्प पुढे चालवायचा की नाही हे ठरवणारे लोक त्या दिवशी समोर बसणार होते. माझा करार त्यांच्याच हातात होता.

हे २०१४ साल. तिकडे आपल्याकडे विधानसभेची धामधूम, आणि सासरे नेमके तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले. निवृत्त शिक्षक. उभ्या नोकरीत एकही निवडणूक त्यांनी ड्यूटीशिवाय घालवली नव्हती. शेवटची कित्येक वर्षं तर ते मतदान केंद्राध्यक्ष होते. यंदा आपण मतदानालाही नाही याची त्यांना चुटपुट लागली होती. रोज टॅबलेटवर पेपर उघडायचे आणि "हाही गेला बघ तिकडे" असं म्हणून मान हलवायचे.

व्याख्यानाच्या आधीच्या शुक्रवारी, संध्याकाळी मी भेंडी चिरत होते, ते समोर बसले होते. मी मोठ्या ऐटीत त्यांना गिरणीवाल्याची कथा सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "वडिलांचं नाव काय त्याच्या?"

"अहो बाबा, तिकडे वडिलांचं नाव लावत नाहीत."

"मग यादीत काय असतं?"

"नाव आणि आडनाव. बस."

"आणि त्याच नावाचा दुसरा असला तर? आमच्या एका बूथवर एकाच नावा-आडनावाचे तिघे होते. मी बापाचं नाव विचारल्याशिवाय बोटाला शाई लावू द्यायचो नाही."

"एवढ्याशा गावात दुसरा कुठून येणार, बाबा?" मी हसून म्हटलं, आणि हसता हसताच मला खालच्या टपालपेट्या आठवल्या. आमच्याच इमारतीत खाली दोन टपालपेट्यांवर एकच नाव होतं. तळमजल्यावरचे म्हातारे आजोबा आणि दुसऱ्या मजल्यावरचा त्यांचा मुलगा. एकापुढे सीनियर, एकापुढे ज्युनियर. त्यांची पार्सलं एकमेकांकडे जायची आणि कधी आमच्याकडे यायची. रोज बघत होते मी त्या पेट्या. आपल्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, पण बापाचंच नाव मुलाला? मग आईने त्याला हाक कशी मारायची? हे आपल्या डोक्यात येतच नाही. माझ्याही आलं नव्हतं.

शनिवारी सकाळपासून मी लॅपटॉप उघडून बसले. गिरणीवाला गायब होता त्या वर्षाचे अंक काढले. तिसऱ्याच अंकात, एका बोटीच्या जाहिरातीखाली, चार ओळींची बातमी होती. गिरणीचे मालक आणि विधानसभेचे माजी सदस्य हिवाळ्यात तापाने वारले. मागे पत्नी आणि मुलं. मग गावच्या रस्त्यांवर देखरेख ठेवणाऱ्यांच्या याद्या काढल्या. तिथे तेच नाव, पुढे ज्युनियर. बाप वारला त्या वर्षापर्यंत ज्युनियर, त्यानंतर कधीच नाही. बाप गेल्यावर मुलाने ते शेपूट टाकून दिलं आणि बापाचं नाव जसंच्या तसं वापरायला लागला. मी एका मेलेल्या माणसाला पक्षांतर करायला लावलं होतं.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. मला दुसरं शीत दाबून बघायची भीती वाटत होती. तरी बघितलं. दुसरा 'को' गेला. तिसरा टिकला. चौथा आणि पाचवा गेले.

नवऱ्याने माझा चेहरा बघून काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. मंडेचं टॉक होऊ दे. फेरट्रागवर सही होऊ दे. मग शांतपणे करेक्शन पाठव. आत्ता कोण चेक करणार आहे?"

"तू प्लांटमध्ये असंच करतोस का?" मी ओरडले. त्याच्यावर एवढं ओरडायचं कारण त्याला माहीत नव्हतं. सकाळपासून मी स्वतःलाही हेच सांगत होते, अगदी याच शब्दांत.

सासरे ऐकत होते. ते कुणाच्याच बाजूने बोलले नाहीत. चष्मा पुसला, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "वाच. मी विचारतो." तो शनिवार आणि रविवारचा पूर्ण दिवस आम्ही तसे बसलो. मी नाव वाचायचे, ते विचारायचे. वय दिलंय का? आधीचा शेवटचा कधी दिसला? धंदा तोच आहे का? मधे वरण करपलं, ते आम्ही तसंच खाल्लं. रविवारी संध्याकाळपर्यंत निम्म्याहून जास्त 'को' निकालात निघाले होते. प्रत्येक नाव वाचताना मी मनात म्हणत होते, हा तरी खरा पक्षबदलू निघू दे. माणसाने पक्षबदलू निघावं म्हणून देवाची करुणा भाकणारी मी एकटीच असेन.

सोमवारी मी पहिल्या ट्रामने गेले. वाक्यं जर्मनमध्ये पाठ केली होती, पण बाईंच्या दारात सगळी विसरले आणि मोडकंतोडकं बोलत सुटले. बाईंनी ऐकलं.

"किती?"

"निम्म्याहून जास्त."

"तुम्हाला कधी कळलं?"

"शनिवारी."

"मग शनिवारी फोन का नाही केलात?"

जर्मनमध्ये गुळमुळीत बोलायला मला कधीच जमलं नाही. "मला तो करार हवा होता म्हणून," मी म्हणाले.

त्यांनी "आल्झो", म्हणजे बरं तर, असं म्हणत व्याख्यानाची पहिली दोन पानं काढून पालथी ठेवली. "माझ्या वडिलांचं आणि भावाचं नाव एकच आहे," त्या म्हणाल्या. "मला दिसायला हवं होतं. पण तुमची गोष्ट मला फार आवडली होती." त्यांचा आवाज थंड होता. माझ्यावरचा राग होता की स्वतःवरचा, मला कळलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

व्याख्यान सपक झालं. मी शेवटच्या रांगेत बसून समोरच्यांची डोकी बघत होते. एकाने घड्याळात पाहिलं. एकाने विचारलं की माणसांची ओळख तुम्ही कशी पटवता, आणि बाई म्हणाल्या, त्यावर आमचं काम चालू आहे. दोन वर्षांचा करार आला नाही. तीन महिन्यांचा आला, तोही फक्त यादी दुरुस्त करण्यासाठी. त्या रात्री मी स्वयंपाकघरात खूप रडले. कुणी आत आलं नाही, हे बरं झालं.

त्या तीन महिन्यांत मी यादीत पाचवा रकाना घातला: वडील. गिरणीवाल्याच्या दोन ओळी झाल्या. बाप शेवटपर्यंत केंद्रवाल्यांचा राहिला. मुलगा जेवढी वर्षं निवडून आला तेवढी सगळी दुसऱ्या बाजूकडून. दोघांपैकी कुणीही कधी पक्ष बदलला नव्हता. माझ्याकडचे चोर बघून मी त्यांना चोर ठरवलं होतं.

शेवटच्या दिवशी त्सॉयग्निस मिळालं, म्हणजे कामाचा दाखला. इथे तो पत्रिकेसारखा वाचतात, प्रत्येक शब्दाचा गुप्त अर्थ असतो. नवऱ्याने तो दोनदा वाचला आणि एका वाक्यावर बोट ठेवलं. 'त्यांनी आपल्या कामातली चूक स्वतः शोधली आणि ती इतर कुणाच्या लक्षात येण्याआधी सांगितली.'

"त्सॉयग्निसमध्ये चूक हा शब्द? काढायला लाव. हे कुठे दाखवता येणार नाही."

त्याचं बरोबर होतं. मी काढायला लावलं नाही.

सासरे तोवर गावी, सासूबाईंकडे, परतले होते. फोनवर म्हणाले, मराठीत करून वाच. मी वाचत गेले, आणि त्या वाक्याशी आल्यावर थांबले. बाईंना मी सगळं सांगितलं होतं, पण सासऱ्यांनी विचारलेला प्रश्न सांगितला नव्हता. तेवढं एक मी माझ्याकडे ठेवून घेतलं होतं.

"बाबा," मी म्हटलं, "स्वतः शोधली हे खोटं आहे. ती तुम्ही शोधलीत."

"मी फक्त वडिलांचं नाव विचारलं," ते म्हणाले. "जाऊन सांगितलंस तू. ते वाक्य परत वाच. हळू वाच जरा, तुझ्या सासूलाही ऐकू दे."