मायची नक्कल

"डोक्यावर पदर घे आणि आईशेजारी बस. दोघांचं एकदम होऊ दे," साहेब मला म्हणाले. पाहुण्यांनी मोबाइल वर केले.

जळगावात मेहरूणला साहेबांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांती होती. मी त्यांच्या गाड्यांच्या शोरूममध्ये कागदपत्रं बघतो. जेवणात खापरावरची पुरणपोळी हवी, म्हणून त्यांनी माझ्या मायला भडगावहून बोलावून घेतलं होतं. सकाळपासून ती मागच्या अंगणात चुलीपुढे बसून हातावर पोळी मोठी करत होती.

तिला सगळे ओळखत होते. कारण वर्षभर मी लुगडं नेसून तिची नक्कल करत होतो आणि त्याचे रील टाकत होतो. तिचं भांडण, तिची अहिराणी, 'आहे'ला शे आणि 'सगळे'ला बठ्ठा म्हणणं, कमरेवर हात ठेवून शेजारणीला हाक मारणं. जळगाव-धुळ्यात लोक मला रस्त्यात अडवून सेल्फी घ्यायचे. शाळेत याच बोलीवरून गुरुजींनी मला उभं करून सगळ्या वर्गाला हसवलं होतं. मोठेपणी मी तोच धंदा मांडला, आणि वर छाती काढून फिरलो. लाज वाटते सांगायला.

मायकडे साधा फोन. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

तरी मी बसलो. कुणाची तरी ओढणी डोक्यावर घेतली आणि तिच्याच आवाजात ओरडलो. लोक पोट धरून हसले. मायही हसली, काय चाललंय ते न कळून. मग साहेबांच्या सूनबाईंनी कौतुकानं माझा एक जुना रील तिच्यापुढे धरला. मायनं तो पूर्ण पाहिला. तिच्या हातावरची पोळी फाटली.

"भाऊ," ती मला हळूच म्हणाली, "बठ्ठा माले काबर हासतस?"

मला तिच्याकडे बघवेना.

"अरे, पुन्हा एकदा! माझं रेकॉर्डिंग झालंच नाही," साहेब म्हणाले. त्यांच्या मातोश्री शेजारीच खुर्चीवर बसल्या होत्या.

मी ओढणी काढली. "साहेब, आधी तुमच्या आईचं करून दाखवा."

कुणी हसलं नाही. त्या बाईंची नक्कल करावी असं तिथं कुणाच्या मनातही येणार नव्हतं. माझ्या मायची करायला परवानगी मीच दिली होती. सगळ्यांना. फुकट.

घरी येऊन सगळे रील काढून टाकले. उपयोग नाही. लोकांनी ते उतरवून घेतलेत, अजून फिरतात. मायनं विषय काढला नाही. पण आता माझ्यासमोर ती कमी बोलते. बोललीच तर शब्द निवडून, शहरातल्या बाईसारखं. हे माझं काम.

सोमवारपासून मी शोरूममध्ये अहिराणीतच बोलतो. गिऱ्हाइकाशी, साहेबांशीसुद्धा. नोकरी जायची तर जावो. ज्याला हसायचंय त्यानं माझ्या तोंडावर हसावं. माय यापुढे कुणाला हसायला मिळणार नाही. मलाही नाही.