हरकतीचा रकाना

सस्काटूनच्या आमच्या घरी फोडणी देण्याआधी एक काम असतं. हिवाळी जॅकेटं बेडरूमच्या कपाटात कोंडायची आणि दार घट्ट लावायचं. हिंगाचा वास एकदा त्यात बसला की ऑफिसपर्यंत सोबत येतो. त्या सोमवारी घाईत मी विसरलो, आणि विमानात प्रवासभर स्वतःची बाही हुंगत बसलो.

चाललो होतो उत्तरेला, तिथल्या मूळ रहिवासी इनुइट लोकांच्या समुद्रकाठच्या एका वस्तीत. मी मातीचा इंजिनियर. गोठलेली जमीन उन्हाळ्यात किती खचते ते मी मोजतो. सरकारला तिथे लष्करी जहाजांसाठी इंधनाच्या टाक्या बांधायच्या होत्या. बर्फ कमी झाल्यापासून त्या समुद्रावर परक्यांचीही नजर होती, आणि ज्या वस्तीला अजून पिण्याचं पाणी ट्रकने पोचवावं लागतं तिची देशाला एकाएकी फार काळजी वाटू लागली होती. टोमणा मारतोय खरा, पण माझा पगार त्याच काळजीतून निघत होता.

मातीबरोबर आणखी एक काम माझ्या गळ्यात पडलं होतं. घरोघर जाऊन टाक्यांच्या जागेला कुणाची हरकत आहे का ते विचारायचं आणि फॉर्म भरायचा. तरुण मंडळी टाक्यांमुळे मिळणाऱ्या नोकऱ्यांबद्दल भरभरून बोलली. दोन घरांतल्या म्हाताऱ्यांनी मात्र मला पाहून नुसतं नाक मुरडलं. तेव्हाच मला जॅकेटचा संशय आला.

शेवटचं घर एका आजींचं. त्यांना इंग्रजी समजायचं, पण बोलायच्या क्वचितच. वस्तीच्या ऑफिसात काम करणारी त्यांची नात मला आजींसमोर बसवून चहा करायला आत गेली. मी नकाशा पसरला, किनाऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे टाक्या बांधल्या तर चालेल का?"

आजींनी माझ्याकडे बघत नाक मुरडलं.

मी खुर्ची मागे सरकवली, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मी इतका ओशाळलो की तिसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नाही. हरकतीच्या रकान्यात 'मत दिलं नाही' असं लिहिलं, चहा कसाबसा घशाखाली उतरवला आणि निघालो. आजी दारापर्यंत आल्या. एवढा वास येऊनही बाई किती समजूतदार, असं मला वाटलं.

दोन महिन्यांनी नातीचा फोन आला. रिपोर्टची प्रत तिच्या ऑफिसात पोचली होती.

"आजीने तुम्हाला दोनदा नाही म्हटलं," ती म्हणाली. "तुम्ही लिहिलं का नाही?"

त्यांच्याकडे भुवया उंचावल्या की हो, नाक मुरडलं की नाही. तिथलं लहान मूलही असंच उत्तर देतं. ती हे न चिडता सांगत होती, म्हणून जास्त लागलं. किनाऱ्यावर इतरत्र आता बर्फ उशिरा धरतो आणि पातळ राहतो. स्नोमोबिल, म्हणजे बर्फावरची गाडी, घेऊन शिकारीला गोठलेल्या समुद्रावर उतरायचं तर भरवशाचा तेवढाच एक उतार उरला होता, आणि टाक्या नेमक्या तिथेच येणार होत्या.

"माझा मामा दोन वर्षांपूर्वी दुसरीकडून उतरला होता," ती म्हणाली. "तो सापडला नाही."

मी तडक मॅनेजरकडे गेलो. तो पुण्याचा, माझ्याशी मराठीतच बोलायचा.

"अरे, फायनल रिपोर्ट सबमिट झालाय. कमेंट्सची डेडलाइन कधीच गेली," तो म्हणाला. "आणि तीन म्हाताऱ्यांनी नाक मुरडलं, हे मी क्लायंटला काय एक्सप्लेन करू?"

मी दुरुस्तीचं पत्र माझ्या सहीने पाठवलं. त्याची पोच आली. पुढे काही झालं नाही. माणसाच्या तोंडावरचा स्पष्ट नकार मला आपल्या फोडणीच्या लाजेपायी दिसला नाही, याची आजही शरम वाटते.

पुढच्या वर्षी पाया तपासायला पुन्हा गेलो. उताराच्या तोंडाशी तारेचं कुंपण उभं होतं. मी आजींकडे गेलो आणि हिंगापासून पत्रापर्यंत सगळं सांगितलं. जॅकेटचं ऐकून नात हसली. आजीही थोडं हसल्या आणि त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग मी विचारलं, "मला माफ कराल का?"

आजींनी खिडकीतून कुंपणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नाक मुरडलं. जॅकेट मी बाहेरच काढून ठेवलं होतं.