रीझनचा रकाना

माझ्या शर्टाच्या खिशावर लाल स्टिकर. त्यावर इंग्रजीत 'रिजेक्ट'. मॅनेजरनं स्वतःच्या अंगठ्यानं दाबून बसवलेला, क्रेटवर बसवतात तसा.

फैजपूरकडचं केळीचं पॅकहाउस. परदेशात जाणारा माल. मी तिथं क्वालिटीला होतो. गाव सोनगीर, बी.एस्सी. धुळ्याची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. हे मी मिरवून सांगतो. का नाही सांगायचं?

रुजू झालो त्या दिवशी मॅनेजरनं आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. तेव्हापासून मी 'सरकारी जावई'.

स्टिकर लागला त्या दिवशी पुण्याहून ट्रेनर बाई आल्या होत्या, ऑफिस स्टाफचं इंग्रजी सुधारायला. खुर्च्या गोल मांडल्या. प्रत्येकानं इंग्रजीतला आपला सगळ्यात आवडता आणि सगळ्यात नावडता शब्द सांगायचा. अकाउंटवाला म्हणाला, आवडता संडे, नावडता मंडे. हशा. मी मनात शब्द घोळवत होतो. डिक्शनरीतून पाठ केलेले कितीतरी होते, लांबलचक, कठीण. मला खरंच चांगला शब्द सांगायचा होता.

माझी पाळी आली. तोंड उघडायच्या आत मॅनेजर उठला. टेबलावरच्या रोलमधून एक स्टिकर सोलला.

"याचा मी सांगतो, मॅडम. कोट्यातला माल आहे. एक्सपोर्टला चालत नाही."

आणि चिकटवला.

बठ्ठे हसले, सगळेच्या सगळे. बाई आधी गोंधळल्या, मग त्याही हसल्या. म्हणाल्या, "नेक्स्ट."

मीही हसलो. लिहिताना लाज वाटते, पण हसलो. स्टिकरपेक्षा ते हसू जास्त खुपतं. अजून खुपतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर शेडमध्ये गेलो. स्टिकर तसाच. काढायला हात जात नव्हता. टाकीवर अक्का, शेडवरच्या जुन्या मजूर, केळीच्या फण्या धूत होत्या. हात तुरटीच्या पाण्यात, बोटं चिकानं काळी. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. पण लाल म्हणजे काय, ते पक्कं ठाऊक.

"हे तुले कोनं लावलं रे भाऊ?"

"साहेबांनी. गंमत म्हणून."

अक्कांनी हातातली फणी उलटसुलट करून बघितली. बाजूला ठेवली.

"आमी तं केयाले बी पाह्यल्याबिगर लाल लावत नई. तुह्यात काय पाह्यलं त्यानं?"

रिजेक्शनचं रजिस्टर माझ्याच ताब्यात असायचं. माल, तारीख, रीझन, सही. डाग, कमी लांबी, पिकलेलं, काय असेल ते लिहायचं. पहिल्याच दिवशी याच मॅनेजरनं मला बजावलं होतं, "रीझन लिहिल्याशिवाय एक क्रेट बाहेर जाता कामा नये."

रजिस्टर उचललं. मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. बाई तिथंच चहा घेत होत्या. मालाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं, आडनावासकट. तारीख टाकली. पेन पुढं केलं.

"सर, रीझन."

"काय?"

"रीझन लिहा. आणि सही."

"अरे, जोक होता. बस, चहा घे."

"मग जोक लिहा. जोक लिहून सही करा."

त्यानं पेन बाजूला सारलं. फाडफाड इंग्रजी बोलणारा माणूस, त्याला एक शब्द लिहिता येईना. खरं कारण लिहिलं तर तो कागद कुठं जाईल, हे त्याला ठाऊक होतं. मलाही.

"उद्यापासून येऊ नकोस."

"त्याचंही रीझन लिहा."

नाही लिहिलं. मी त्या पानाचा फोटो काढला, रजिस्टर त्याच्या टेबलावर ठेवलं आणि स्टिकर लावूनच गेटबाहेर पडलो.

घरी आईला सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "बठ्ठं लिखी ठेव. इसरी जाशी."

लिहिलं. ठाण्यात तक्रार दिली. "मिटवून घ्या," असं तिथंही ऐकलं. साक्षीला ऑफिसातलं कोणी आलं नाही. संडेवाल्यानं फोन उचलणं बंद केलं. अक्का आल्या. त्यांची मजुरी त्याच शेडवर, तरी आल्या. "जे पाह्यलं ते सांगीन," एवढंच बोलल्या.

त्या दिवशी राहिलेलं उत्तर आता देतो, मॅडम. नावडता शब्द रिजेक्ट नाही. केळं रिजेक्ट होतं, तेव्हा त्याला कारण असतं. नावडता शब्द जोक. त्याला कारण लागत नाही, सही लागत नाही. आणि वर समोरच्यानं हसायचं. आवडता शब्द रीझन. पाठ केलेल्यांत तो नव्हता. अक्कांनी शिकवला, इंग्रजी न येता.

हल्ली नोकरी शोधतोय. धुळे, दोंडाईचा, जिथं कळेल तिथं. पाय एका जागी ठरत नाहीत. प्रत्येक फॉर्मवर एक रकाना असतोच: आधीची नोकरी सोडल्याचं रीझन. मित्र म्हणतो, "पर्सनल लिही ना भो. कोण विचारतंय?"

दोन ठिकाणी खरं लिहिलं. दोन्हीकडून फोन नाही.

परवा तिसरा फॉर्म भरला. रकाना बोटभर. 'सोडल्याचं' खोडून 'काढल्याचं' केलं. स्टिकर लिहिला. मॅनेजरचं वाक्य लिहिलं, शब्दाला शब्द. जागा संपली. 'मागे पाहा' लिहिलं आणि पान उलटलं.

पर्सनल लिहिणार नाही. चौथ्या फॉर्मवरही नाही.