बांधावर न चालणारा पाय

बाकावर बसायच्या आधी ती आपल्या लाकडी पायावर बोटांनी टकटक करायची, दाराशी उभं राहिल्यासारखं थांबायची आणि म्हणायची, "घरात कोनी नाय गो!" मग स्वतःच खो खो हसायची. पहिल्यांदा मी दचकलेच होते.

पन्नास सालाच्या आसपास नौपाड्यात तुमचं येणंजाणं असेल, तर तुम्ही तिला पाहिलंच असणार. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, एक पाय अनवाणी आणि दुसऱ्यात पुरुषी काळा बूट. मी तिथल्या एका दवाखान्यात मलमपट्टी करायला होते.

बाई मिठागरात राबणारी. शिंपल्याने टाच कापली, खाऱ्या पाण्यात जखम चिघळली आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आमच्या डॉक्टरांनी खटपट करून पुण्याहून लाकडी पाय आणवला. तो घालून ती सपाट रस्त्यावरून अशी ऐटीत चालायची, की आम्हाला वाटलं, सुटली बिचारी!

कुठलं काय! तिचं घर मिठागरांच्या पल्याड, खाडीच्या कडेला. तिथे जायला वाट एकच, मातीचा अरुंद बांध. कुठे निसरडा, कुठे खेकड्यांनी पोखरलेला. पाय गेल्यापासून ती स्टेशनाजवळ लेकीच्या खोलीत राहायची. जावई भला होता, पण हिचं एकच पालुपद. "जावयाच्या दारात मरन नको गो. मना माज्या घरा जाव दे."

आपल्या पायाखाली खडा आला की घोटा आपसूक कलतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. तिच्या लाकडी पायाला घोटाच नव्हता. जमीन तिरकी झाली की पाय तिरका, आणि पायाबरोबर बाई.

डॉक्टरांनी काय काय केलं! सुताराकडून टाच तासून घेतली, मोचीकडून तळव्याला टायरचं रबर ठोकून घेतलं. मी दवाखान्यामागे विटांचे तुकडे पसरून तिला चालवायची. "पाय उचल, बघून टेक, घाई कसली गं मेली!" मी ओरडायची.

"तू ये बांधावं, मंग वरड," ती म्हणायची आणि पुन्हा पडायची. मला राग यायचा. कुणाचा, ते कळायचं नाही.

शेवटी एके दिवशी तिने ऐकलंच नाही. लेक, जावई आणि मी, तिघं तिला घेऊन निघालो. बांधावर चार पावलं बरी गेली. मग बूट घसरला. आम्ही उठवली. पुन्हा घसरला. या खेपेला ती कुशीवर पडली आणि कोपर सोलून निघालं.

जावई खाली वाकला. "आये, खांद्यावर बसा माज्या."

"खांद्यावं न्याला मी मेलंय काय?" ती कडाडली. त्याने हात मागे घेतला.

तिने पट्टे सोडले, पाय काढला, पदरात गुंडाळून मांडीवर घेतला. मग दोन्ही हात मातीत रोवून ती बसल्या बसल्या पुढे सरकू लागली. सरकायची, दम खायची, पुन्हा सरकायची. लेक रडत मागून चालली. मी बांधाच्या तोंडाशी उभीच राहिले. काय करणार होते? हातात नुसती पट्टी होती.

त्यानंतर ती नौपाड्यात आली नाही. मी तिच्या घरी निरोप धाडला, तर उत्तर आलं, "बरी हाय. हितं पाय लागत नाय."

पुढच्या मिठाच्या हंगामात लेक दवाखान्यात आली. आई गेली, म्हणाली. त्याच बांधावरून चौघांनी तिला खांद्यावर बाहेर आणलं होतं. लेकीने पिशवीतून लाकडी पाय काढून टेबलावर ठेवला. धुऊन पुसून ठेवलेल्या बुटाला मातीचा कण नव्हता.

"आयेनं सांगलंय, कुनाला तरी द्या," ती म्हणाली. "पन ज्याच्या दाराला सडक हाय, त्यालाच."