वार्निशवाल्या सासूबाई

माझ्या सासूबाई कुठलंही ओलं काम हातात घेतलं की आधी पंखा बंद करतात. खुर्चीला रंग द्यायचा असो की पुस्तकाला खळ लावायची असो, भोपाळच्या ऐन मे महिन्यात सगळ्या घराला घामाने निथळत ठेवतात. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी हे त्यांच्या हेकटपणात जमा करून टाकलं होतं.

त्यांचं नाव लीलावती काळमेघ. लग्न होऊन अमरावतीहून भोपाळला, बरखेड्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये आल्या. माझा नवरा हेमंत चार वर्षांचा असताना सासरे गेले आणि त्यांच्या जागी सासूबाईंना सरकारी कारखान्यात घेतलं. विजेच्या मोटारीच्या कॉइली वार्निशच्या टाकीत बुडवायच्या, सावकाश वर काढायच्या, निथळू द्यायच्या, भट्टीत वाळवायच्या आणि पुन्हा बुडवायच्या. हे त्यांनी सत्तावीस वर्षं केलं. निवृत्त झाल्या तरी कॉलनीत त्यांना अजून वार्निशवाली बाई म्हणतात आणि त्यांना त्याचा भलताच अभिमान आहे.

मी पुण्याची, रसायनशास्त्र शिकलेली. भोपाळमध्येच पीएच.डी.ला नाव घातलं. विषय होता नायोबियम नावाच्या धातूचा. त्याचं द्रावण करायचं, त्यात काचेचा तुकडा बुडवून वर काढायचा आणि तापवायचा. काचेवर ऑक्साइडचा थर बसतो, केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढा पातळ. असा थर वीज धरून ठेवतो, म्हणून इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बारीक भागांत तो कामाला येतो. मोठ्या महागड्या यंत्रांशिवाय तो नुसता बुडवून बनवता यावा, हा माझा सगळा खटाटोप. मी मोठ्या उत्साहाने हे सासूबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे मेथी निवडत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे वार्निशच की गं."

मला असा राग आला म्हणून सांगू! दोन दिवस मी कामापुरतंच बोलले.

हिवाळाभर थर बरे आले, फक्त वीज अजून धरत नव्हते. एप्रिल संपता संपता मात्र सगळंच बिनसलं. पाण्यासारखं नितळ द्रावण तासाभरात दुधाळ व्हायचं, काचेवर पापुद्रे धरायचे आणि पाच व्होल्ट दिले की थर जळून जायचा. परदेशातून आलेल्या नायोबियमच्या रसायनाच्या बाटलीत आता दोनच खेपांपुरतं उरलं होतं आणि दुसरी बाटली यायला सहा महिने लागणार होते. माझ्या गाइड सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "जूनपर्यंत वीज धरणारा एक थर दाखवा, नाहीतर विषय बदला." माझी तीन वर्षं पाण्यात जायची वेळ आली होती. मी बाटलीला दोष दिला, द्रावणातल्या स्पिरिटला दिला, शेवटी मनोहरला दिला. मनोहर आमचा लॅबमधला मदतनीस. तू भांडी नीट कोरडी करत नाहीस, असं मी त्याला चारचौघांत सुनावलं. तो बिचारा भांडी दोन-दोनदा भट्टीत वाळवायला लागला.

मे महिन्यात सासूबाईंचे डोळे दाखवायला साकेत नगरच्या हॉस्पिटलात गेलो होतो. परतताना उन्हाचा कहर होता, म्हणून त्यांना घटकाभर लॅबमध्ये बसवलं. त्यांनी पदराने मान पुसली. पुन्हा पुसली.

"सुचेता, बाहेर घाम अंगावरच वाळतो. इथं का नाही वाळत?"

मग त्यांची नजर खिडकीतल्या कूलरवर गेली. वाळ्याच्या ताट्यांतून पाणी गळत होतं आणि थंडगार ओली हवा थेट माझ्या टेबलावर येत होती.

"आमच्या टाकीजवळ कूलर लावला असता ना, तर फोरमनने मला आधी बाहेर काढलं असतं."

"आई, इथल्या हवेतली ओल मी रोज मोजते," मी भिंतीवरची तबकडी दाखवत म्हटलं. "बघा, चाळीसच टक्के."

त्या उठल्या, तबकडीवर तोंडाने वाफ सोडली, बोटाने टकटक केलं. काटा चाळीसवरून हलेना. मी नोंदवही उघडली. एप्रिलपासून रोज माझ्याच अक्षरात चाळीस, चाळीस, चाळीस.

या द्रावणाला ओल चालत नाही, हे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला घोकून घ्यायला लावत होते. "ये कूलर किसने लगवाया?" मी मनोहरला विचारलं.

"मॅडम, अप्रैल में तीन अर्ज़ियाँ तो आपने ही दी थीं," तो खाली बघत म्हणाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच, सासूबाईंसमोर, मी त्याची माफी मागितली. आणि घरी जाताना माझ्या तोंडून निघालंच, "आई, काचा बुडवायला उद्यापासून तुम्ही याल?"

त्या आल्या. कूलर बंद, पंखा बंद, भिंतीवर नवी तबकडी. पहिल्या खेपेला द्रावण नितळच राहिलं, पण थराला तडे गेले. बाटलीत एकच खेप उरली. काच वर ओढणाऱ्या मोटरकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"दमानं काढ. घाईत काढलं की जाड बसतं, आणि जाड ते भट्टीत तडकतं. दोन जाड हात देण्यापेक्षा पाच पातळ दे."

पुस्तकातही हेच लिहिलेलं होतं. वेळ वाचवायला मीच ते गुंडाळून ठेवलं होतं. मी द्रावण पातळ केलं, मोटरचा वेग निम्मा केला. तीन दिवसांत पाच हात दिले, प्रत्येक हात वेगळा भाजला. काचेवर आधी फिकट सोनेरी रंग आला, मग जांभळा, मग निळा. सासूबाई प्रत्येक वेळी काच उजेडात तिरकी धरून बघायच्या आणि नुसतं "हं" म्हणायच्या.

तपासणीच्या दिवशी त्या आत येईनात. कारखान्यातही कॉइलची तपासणी असली की त्या दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. "मला जळका वास आधीच यायला लागतो," म्हणाल्या.

मी तारा जोडल्या. एक व्होल्ट. तीन. पाचला मी जरा थांबून वास घेतला. सहा. आठ. दहा. मीटरचा काटा जागचा हलला नाही, थरातून वीज गळत नव्हती. मनोहरने हात जोडले आणि मला रडूच फुटलं.

बाहेर आले तर त्या तशाच भिंतीकडे तोंड करून, घामाने चिंब. आयुष्यात मला कुणाबद्दल इतकं प्रेम वाटलं नव्हतं. कारखान्यात तपासनीस बाहेर येऊन एकच शब्द सांगायचा, तोच मी सांगितला.

"पास."

त्या वळल्या. माझ्या गालावरचं पाणी पदराने पुसलं. मग आत जाऊन काच डबीत घातली, झाकण घट्ट लावलं आणि खुर्चीत बसल्या.

"आता लाव तो कूलर. इतके दिवस जीव गेला माझा."